थोड्या भांडवलात खेळाचा संगणक : सुट्या भागांची पारख आणि खर्चाची वाटणी

आपल्या सुरत शहरात मालाची पारख हा केवळ धंद्याचा भाग नव्हे, तो घराघरांतील संस्कार आहे. हिऱ्याची पुडी उघडताच रंग, स्वच्छता, घाट आणि वजन यांचा मनातल्या मनात मेळ घालणारा व्यापारी, किंवा रिंग रोडवरील मार्केटात कापड दोन बोटांत धरून सुताचा कस सांगणारा दुकानदार, जाहिरातीवर विसंबून माल उचलीत नाही. परंतु त्याच घरातील मुले जेव्हा खेळाचा संगणक मागतात, तेव्हा ही पारख बहुधा उंबऱ्याबाहेरच राहते. एक तर पैशाचा अपव्यय म्हणून मागणी धुडकावली जाते, नाही तर दुकानदार जी पेटी पुढे करील ती निमूटपणे घरी आणली जाते. दोन्ही मार्ग व्यापाऱ्यास शोभणारे नव्हेत. सुटे भाग पारखून घेऊन घरीच संगणक जोडणे हा तिसरा मार्ग आहे, आणि तो थोड्या भांडवलात कसा साधावा हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

आरंभी वडीलधाऱ्यांची एक शंका दूर केली पाहिजे. संगणकावरील खेळ म्हणजे जुगार नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा भेद मुलांनाही समजावून द्यावा. शिवाय जो संगणक चांगला खेळ चालवितो, तोच साडीच्या छपाईचे डिझाइन उघडतो आणि दागिन्याची त्रिमिती आकृती फिरवून दाखवितो. तेव्हा विचारपूर्वक घेतलेले यंत्र उद्या पेढीच्याही उपयोगी पडू शकेल.

आधी पडदा, मग पेटी

बहुतेक लोक प्रथम प्रोसेसर कोणता घ्यावा असे विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा आहे. कारण यंत्राला किती काम करावयाचे हे पडदाच ठरवितो. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर ही संख्या २०,७३,६०० होते. फोर-के पडद्यावर ती ८२,९४,४०० होते, म्हणजे बरोबर चौपट. हे सर्व ठिपके सेकंदास निदान साठ वेळा नव्याने रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाला करावे लागते. पडदा चौपट कामाचा घ्यावयाचा आणि कार्ड हलके ठेवावयाचे, हा व्यवहार तोट्याचा होय. पहिल्या संगणकास फुल एचडी पडदा पुरेसा आहे.

खेळ कोणते खेळावयाचे हेही त्याच वेळी ठरवावे. व्हॅलोरंट वा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या चढाओढीच्या खेळांत चित्रे तुलनेने हलकी असतात, पण गती फार लागते; तेथे प्रोसेसर चांगला हवा आणि सेकंदास १४४ वेळा बदलणारा पडदा उपयोगी पडतो. मोठ्या कथानकाच्या, भव्य देखाव्यांच्या खेळांत सर्व भार ग्राफिक्स कार्डावर येतो. गिऱ्हाईक कोणते हे ठरल्यावाचून माल भरू नये, तसेच हे आहे.

भांडवलाची वाटणी

समजा, पडदा, कीबोर्ड व माउस सोडून केवळ पेटीसाठी एका कुटुंबाने ६०,००० रुपये बाजूस काढले. त्यांची वाटणी अशी करता येईल : ग्राफिक्स कार्ड २२,०००, प्रोसेसर १०,०००, रॅम ८,०००, मदरबोर्ड ७,५००, एसएसडी ५,०००, पॉवर सप्लाय ४,५००, आणि कॅबिनेट ३,०००. हे बाजारभाव नव्हेत, ही प्रमाणे आहेत. भाव तर रोज बदलतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी रॅमच्या चिपांची मागणी इतकी वाढविली की घरगुती ग्राहकाला त्याची चांगलीच झळ बसली. तेव्हा खरेदीच्या दिवशीचे दर मांडूनच बेरीज करावी. पण ग्राफिक्स कार्डाला तिसऱ्या हिश्शाहून अधिक आणि रंगीत दिव्यांना काहीही नाही, हे सूत्र सोडू नये.

या वाटणीमागील तत्त्व यंत्रमागावर काम पाहिलेल्यांना सहज पटेल. ताणा कच्चा असेल तर बाणा कितीही उंची सुताचा घातला तरी माग वारंवार थांबणारच. संगणकातही सर्वांत दुबळा भाग साऱ्या यंत्राची गती ठरवितो. महागड्या प्रोसेसरशेजारी दुबळे कार्ड, किंवा भारी कार्डाशेजारी जुना प्रोसेसर बसविल्यास जादा घातलेला पैसा नुसता पडून राहतो.

एकेका भागाची पारख

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत जीबीच्या आकड्याने होते. 'चार जीबीचे कार्ड' एवढेच सांगून माल विकला जातो. परंतु २०१४ मध्ये निघालेले जीटी ७३० हे कार्ड चार जीबीत मिळत असे, आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० हेही चार जीबीचेच. तरी दोहोंच्या शक्तीत कित्येक पटींचे अंतर आहे. केवळ कॅरेट पाहून हिरा घेणारा व्यापारी जसा बुडतो, तसा केवळ जीबी पाहून कार्ड घेणारा ग्राहक बुडतो. आधी कार्डाचे नाव व साल विचारावे, मग जीबी. आजच्या खेळांसाठी आठ जीबीखाली जाऊ नये. २०२१ मधील आरएक्स ६६०० (आठ जीबी) आणि आरटीएक्स ३०६० (बारा जीबी) ही फुल एचडीसाठी अजूनही उपयुक्त कार्डे आहेत. २०२३ चे आरटीएक्स ४०६० त्यांच्या वरच्या पायरीवर आहे.

वापरलेली कार्डे स्वस्त मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली आणि त्याच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभर बाजारात आली. असे कार्ड घ्यावयाचे झाल्यास मूळ बिल पाहावे, उरलेली हमी तपासावी, आणि विक्रेत्यासमोर अर्धा तास खेळ चालवून पंख्यांचा आवाज व चित्राची स्थिरता पाहावी. यांपैकी एकही गोष्ट नाकारली गेली तर सौदा सोडून द्यावा.

प्रोसेसर निवडताना मदरबोर्डाचा विचार सोबतच करावा, कारण दोहोंचे खाचे जुळावे लागतात. एएमडीचा एएम४ हा खाचा जुना. त्यावर बसणारा रायझेन ५ ५६०० हा २०२२ मधील सहा गाभ्यांचा प्रोसेसर थोड्या खर्चात चांगले काम देतो. २०२२ मध्येच आलेला एएम५ खाचा महाग पडतो व त्यास डीडीआर५ रॅमच लागते. मात्र पुढे केवळ प्रोसेसर बदलून यंत्र नवे करण्याची सोय त्यात आहे. इंटेलच्या बाजूस कोअर आय५ १२४००एफ हाही सहा गाभ्यांचा, भरवशाचा माल आहे. येथे 'एफ' या अक्षराचा अर्थ ध्यानी ठेवावा : अशा प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रशक्ती नसते, आणि ग्राफिक्स कार्डाविना पडद्यावर काहीही उमटत नाही. खोक्याविना, 'ट्रे' म्हणून विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त दिसतो. पण त्यासोबत पंखा असतो काय आणि हमी कोण देतो, हे आधी लिहून घ्यावे.

रॅम सोळा जीबी घ्यावी, आणि शक्य तर सोळाच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांतून माहिती एकाच वेळी दोन वाटांनी जाते, आणि खेळात त्याचा फरक दिसतो. साठवणुकीसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. कित्येक मोठे खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा अडवितात, म्हणून बेत बसत असेल तर एक टीबी बरी. नसेल तर ५०० जीबी घेऊन मदरबोर्डावर दुसरा खाचा मोकळा असल्याची खात्री करावी.

जेथे काटकसर करू नये

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. पॉवर सप्लाय, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो पेटीत लपलेला असतो. त्याने खेळाची गती वाढत नाही, म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. परंतु घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये उतरविण्याचे काम हाच भाग करतो. तो हलका निघाला तर स्वतःबरोबर मदरबोर्ड व कार्डही घेऊन जातो, आणि क्वचित घरातील माणसांच्या सुरक्षिततेवरही बेतते. साठ हजारांच्या यंत्रात हजार-दीड हजार वाचविण्यासाठी हा धोका पत्करणे म्हणजे तिजोरीस चांगले कुलूप न लावण्यासारखे आहे.

याची पारख मात्र सोपी आहे. वजनमापे तपासणाऱ्यास ती कठीण जाऊ नये. पॉवर सप्लायच्या अंगावरील पत्रकात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा असतो. त्या आकड्यास बाराने गुणावे. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट झाले. ५५० वॅटचा माल खरा. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट आणि पत्रकात १२ व्होल्टला केवळ १८ अँपिअर असतील, तर खरी शक्ती २१६ वॅटचीच आहे. बाकी सारी छपाई होय. सोबत '८० प्लस ब्राँझ' असे प्रमाणचिन्ह पाहावे. त्याचा अर्थ, अर्ध्या भारावर घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के कामी येते व उरलेली उष्णतेत जाते.

वर सांगितलेल्या यंत्रात आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर सुमारे ६५ वॅट आणि इतर भाग पन्नास-साठ वॅट घेतात. म्हणजे एकूण २५० वॅटच्या आसपास. त्यास ५५० वॅटचा चांगला सप्लाय घेतल्यास तो निम्म्या भारावर शांतपणे चालतो आणि उद्या मोठ्या कार्डालाही पुरतो. विजेच्या बिलाचे म्हणाल, तर चार तासांच्या खेळास पडदा सोडून सव्वा युनिटाच्या आत वीज लागेल. घरातील प्लगला अर्थिंग आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. ६०० व्हीएचा यूपीएस घरी असेल तर तो बहुधा ३६० वॅटच पेलतो, हेही हिशेबात धरावे.

कॅबिनेट दिखाऊ नको. सुरतेचा उन्हाळा, पावसाळ्यातील दमटपणा आणि यंत्रमागांच्या वस्तीतील तंतूंची धूळ पाहता, पुढे जाळी, आत निदान दोन पंखे आणि काढून झटकता येईल असा धूळरोधक हवा. समोर बंद काच आणि आत सात रंगांचे दिवे असलेली पेटी येथे भट्टी होते.

खरेदी आणि बिल

खरेदी सुरतेत करावी की मुंबईस जावे, हा प्रश्न नेहमी निघतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालासाठी प्रसिद्ध आहे, आणि सुरतेहून फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रलला उतरल्यास तो जवळच पडतो. तेथे निवड मोठी आहे. परंतु भाग बिघडल्यास बदली कोठे मिळेल, हे आधी विचारावे. गावातील दुकानात चार पैसे अधिक पडले तरी फेरा वाचतो. तेथेच जोडलेली पेटी गाडीने आणावयाची झाल्यास जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे बांधावे, कारण हादऱ्यांनी त्याचा खाचा मोडू शकतो.

बिल जीएसटीसह पक्के घ्यावे व प्रत्येक भागाचा क्रमांक त्यावर लिहून घ्यावा. या मालावर १८ टक्के कर आहे, आणि तो वाचविण्यासाठी कच्चे बिल घेणारा आपल्या हमीवरच पाणी सोडतो. तसेच मुलाच्या खेळाचे यंत्र पेढीच्या नावे घेऊन इनपुट क्रेडिट काढू नये. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर ते मिळत नाही, असे जीएसटी कायद्याचे कलम १७(५) स्पष्ट सांगते. घरातील पहिला धडाच मुलाने खोट्या जमाखर्चाचा पाहू नये.

जोडणी मुलांच्या हातांनी

भाग आले की जोडणी मुलांनाच करू द्यावी. वडिलांनी शेजारी बसावे. प्लग काढलेला असावा, आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या धातूस हात लावावा. प्रोसेसरवरील त्रिकोणी खूण खाचावरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा. जोर मुळीच देऊ नये. रॅमचे चार खाचे असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा व चौथा वापरतात. पडद्याची तार मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी. कित्येकांचे कार्ड या एका कारणाने निकामी भासते. शेवटी बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी वा एक्सपो हा पर्याय चालू करावा, नाही तर विकत घेतलेली गती तशीच निजून राहते.

ज्या मुलाने दर मांडले, पत्रकावरील अँपिअर बाराने गुणले, बिलावरील क्रमांक ताडून पाहिले आणि स्वतःच्या हाताने यंत्र चालू केले, त्याला एक संगणक मिळाला एवढेच म्हणता येणार नाही. डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूपेक्षा न दिसणाऱ्या वस्तूचा कस आधी पाहावा, ही आपल्या धंद्याची रीत त्याच्या हातात आली. साठ हजारांच्या या खरेदीत तीच खरी मिळकत, असे आम्ही समजतो.