विश्लेषण : काहिलीत चुना किती घालायचा? गुळव्याच्या अंदाजाला मोबाइलमधल्या तक्त्याची जोड कशी देता येईल?

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात आणि पुढचे काही महिने करवीर, पन्हाळा, कागलकडच्या रस्त्यांवर उकळत्या रसाचा वास दरवळतो. गुऱ्हाळावर ऊस तोलला जातो, गुळाचा रवा तोलला जातो, मजुरीही आदणावर मोजली जाते. मोजमापातून सुटतो तो चुना. काहिलीतल्या रसात कालवलेला चुना किती ओतायचा, हे गुळव्या रसाचा रंग, फेस आणि वरची मळी पाहून ठरवतो. बहुतेकदा त्याचा अंदाज बरोबर येतो. चुकला, तर दोन-तीन तासांची आटवणी, चिपाडाचे जळण आणि टन-दोन टन ऊस वाया गेल्यासारखा होतो, कारण त्या आदणाचा गूळ सौद्यात मागे पडतो.

चुन्याचा हा हिशेब आधीच मांडता येतो. त्यासाठी लागते सामू मोजणारे खिशातले यंत्र, एक लिटर रस आणि मोबाइलमध्ये कोणताही स्प्रेडशीट अॅप.

सामूचा आणि गुळाचा संबंध काय?

सामू म्हणजे पीएच. द्रव किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे, ते सांगणारा आकडा. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. ताज्या उसाच्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.५ असतो. रस आंबट लागत नाही म्हणून तो आम्ल नाही असे वाटते, पण गोडव्याखाली आम्ल झाकलेले असते.

हा आकडा पट्टीवरच्या सेंटिमीटरसारखा चालत नाही. सामू एकने उतरला, की आम्लाचे प्रमाण दहापट होते. ०.३ चा फरकही जवळपास दुप्पट असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली, की रसातली मूळ साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. अशा गुळाला कणी येत नाही, ढेप नीट बसत नाही आणि पावसाळ्यात तिला पाणी सुटते. उकळी तीच, वेळ तोच, पण सामू ६.३ ऐवजी ५.३ असेल, तर साखर फुटण्याचा वेग साधारण दहापट होतो.

मग भरपूर चुना घालावा का? तेही नाही. चुना जास्त झाला, की फुटलेली साखर अल्कधर्मी रसात काळवंडते, गूळ गडद होतो आणि जिभेवर चुन्याची चव राहते. साखर कारखान्यात रस ७ च्या आसपास किंवा वर नेतात, कारण त्यांना स्फटिक हवे असतात. गुळासाठी ६ च्या आसपास, फार तर साडेसहाच्या आत थांबणे बरे.

चुन्याचे दुसरे काम मळी वर आणण्याचे. रसातल्या फॉस्फेटशी चुन्यातले कॅल्शियम जुळले, की बारीक गाळ धरतो आणि बाकीची घाण त्याला चिकटते. भेंडीच्या सालीचे चिकट पाणी तो गाळ एकत्र ओढून मळीच्या रूपाने वर आणते. सामू फार कमी राहिला, तर भेंडी कितीही घाला, गाळ नीट धरत नाही.

हा हिशेब आधी कुणी मांडला?

बिअरवाल्यांनी. सामूचे मापच बिअरच्या घरात जन्मले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. परदेशात घरगुती बिअर करणारे हौशी लोक धान्य पाण्यात घालण्यापूर्वीच मिश्रणाचा सामू किती येईल, हे स्प्रेडशीटमध्ये काढतात. ‘ब्रून वॉटर’ हा त्यांचा लोकप्रिय तक्ता. पाण्यातला बायकार्बोनेट, भाजलेल्या माल्टचे आम्ल आणि जिप्समचे कॅल्शियम भरले, की ५.२ ते ५.६ या पट्ट्यात बसायला काय किती घालावे, ते तक्ता सांगतो. (आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे दारूबंदी कायद्यात बसत नाही, तेव्हा तक्ता घ्या, कृती नको.)

गंमत अशी, की तिथेही कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटतात आणि गाळ धरतो, पण जिप्सममुळे सामू खाली येतो. आपल्याकडे चुन्याने वर जातो, कारण चुना स्वतःच अल्कधर्मी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी टायट्रेशन करताना हे कुणी सांगितले असते, तर आम्ही ब्युरेटकडे जरा आदराने पाहिले असते.

गुऱ्हाळावर तक्ता कसा करायचा?

बिअरचा तक्ता जसाच्या तसा इथे चालणार नाही. माल्ट पिशवीत बांधून येतो आणि त्याचे गुणधर्म बरेचसे ठरलेले असतात. ऊस मात्र रोज बदलतो. को ८६०३२ चा रस वेगळा, गुळासाठी नावाजलेल्या को ९२००५ चा वेगळा. शिरोळकडच्या खारवट जमिनीतला ऊस वेगळा, २०१९ च्या महापुरासारखा पुरात बुडून निघालेला त्याहून वेगळा. तोडून दोन दिवस फडात पडलेल्या उसात तर गाळपाआधीच आम्ल वाढलेले असते. त्यामुळे ‘एका काहिलीला इतका चुना’ असे ठरलेले माप फसते आणि तयार सूत्रही फसते. प्रत्येक उसाची छोटी परीक्षाच घ्यावी लागते.

१० ग्रॅम विझवलेला चुना १ लिटर पाण्यात कालवा. तो पूर्ण विरघळत नाही, म्हणून दर वेळी हलवून घ्या. चरकाखालचा १ लिटर रस गाळून घ्या, सामू मोजा. मग ५ मिलिलिटर चुन्याचे पाणी घाला, ढवळा, मोजा, लिहा. पुन्हा ५ मिलिलिटर. दर वेळी रसात ०.०५ ग्रॅम चुना जातो.

समजा, नोंदी अशा आल्या (आकडे उदाहरणादाखल आहेत) : सुरुवातीला ५.३०, मग क्रमाने ५.४५, ५.६०, ५.८०, ६.०० आणि पाचव्या वेळी ६.२५. पावले सारखी नाहीत, हे लक्षात घ्या. पहिली पावले लहान, शेवटची मोठी. रसातली आम्ले सुरुवातीला चुना पचवतात, पुढे पचवण्याची ताकद संपत जाते. ‘थोडा अजून टाकतो’ म्हणणारा गुळव्या नेमका इथेच फसतो.

आता ६.१० हवे आहे. ते चौथ्या आणि पाचव्या नोंदीच्या मध्ये येते. त्या दोन नोंदींत ०.२५ चा फरक आहे, आपल्याला ०.१० हवा. साधे त्रैराशिक : ०.०५ ग्रॅमच्या पाच भागांपैकी दोन भाग, म्हणजे ०.०२ ग्रॅम. चौथ्या नोंदीपर्यंत ०.२० ग्रॅम गेला होता, म्हणून लिटरमागे ०.२२ ग्रॅम. काहिलीत ८०० लिटर रस असेल, तर १७६ ग्रॅम चुना. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदाच लिहायचे. पुढे नोंदी आणि लिटर बदलले, की उत्तर बदलते.

सगळा चुना एकदम ओतू नका. पाऊण भाग, म्हणजे १३२ ग्रॅम, आधी घालून ढवळा, वाटीभर रस गार करून मोजा, मग उरलेला ठरवा. गाळणीच्या पाण्यात किंवा काहिलीच्या मापात चूक असेल, तर ती इथेच कळते.

चूक कुठे होते?

सर्वांत मोठी चूक गरम रसात यंत्र बुडवण्याची. यंत्रावर ‘तापमान भरपाई’ लिहिलेले असले, तरी ती फक्त यंत्राच्या काचेची असते, गरम रसाचा सामू खरोखर बदललेला असतो तो वेगळाच. वाटी पाण्यात ठेवून रस गार करा आणि परीक्षा व काहील दोन्हींसाठी तोच नियम पाळा. दुसरे, हंगामात यंत्र ४ आणि ७ च्या बफर द्रावणात वरचेवर तपासा. काच कोरडी पडली, की यंत्र खोटे बोलू लागते. तिसरे, चुना. उघड्या पोत्यातला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू होत जातो आणि त्याची ताकद कमी होते. म्हणून परीक्षेला आणि काहिलीला चुना एकाच डब्यातला हवा.

यातले काहीही गुळव्याचे काम काढून घेत नाही. ११८ अंशांच्या आसपास पाक आला, हे तो थंड पाण्यात गोळी करून सांगतो, तिथे यंत्र त्याच्या मागेच आहे. पण चांगले गुळवे मिळेनासे झाले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांतले चुन्याचे माप कुठे लिहिलेले नाही. प्रत्येक आदणाची नोंद, त्यात उसाची जात, तोडीपासून गाळपापर्यंतचे तास, सुरुवातीचा सामू, घातलेला चुना आणि शेवटी १० ग्रॅम गूळ १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून मोजलेला सामू, एवढे एक हंगाम जमले, तरी नव्या माणसाला हाताशी काही राहील.

सौद्यात मात्र तक्त्याला विचारत नाहीत. तिथे रंग आणि कणी पाहतात आणि कोल्हापूरच्या गुळाचा मोठा ग्राहक असलेल्या गुजरातच्या बाजारात पिवळ्या रंगाला भाव आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या गुळातही रंगासाठी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकण्याचा मोह तिथूनच येतो. रंग तात्पुरता उजळतो, साठवणीत पुन्हा गडद होतो. गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. अन्नसुरक्षा मानकांनुसार सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम आहे. सामू नीट सांभाळला, मळी वेळेवर काढली, तर मळकट रंगाचे एक कारण कमी होते, पण हायड्रॉसइतका पिवळा गूळ त्यातून निघत नाही. तो तपकिरीकडे झुकलेलाच राहतो आणि त्याला आज यार्डात रव्यामागे किती कमी मिळते, हा रकाना गुळवाले आपल्या वहीत आधीपासूनच लिहीत आले आहेत.