सासूबाईंचं आजारपण आणि आपलं कर्ज रजिस्टर



मागच्या महिन्यात एका गटाचं कर्ज रजिस्टर बघत होते. एका ताईंनी सासूबाईंच्या दवाखान्यासाठी 40,000 रुपये उचललेले. आठ दिवस आयसीयूत ठेवलं, तरी सासूबाई गेल्या. ताई म्हणाल्या, "त्या घरी न्या म्हणत होत्या. पण लोक काय म्हणतील, पैशाकडे बघितलं म्हणतील, म्हणून आम्ही ठेवलं." शेकडा 2 ने महिन्याचं नुसतं व्याजच 800 रुपये. हप्ता अजून चालू आहे.

म्हणून आज जरा अवघड विषय बोलूया. म्हातारपणाचा खर्च दोन ठिकाणी वाढतो.

पहिलं, गोळ्या बंद केल्याने. "आता बरं वाटतंय" म्हणून बीपी-शुगरची गोळी मध्येच सोडतात. बीपी वाढलं तरी बहुतेक वेळा काही दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. मग एखाद्या दिवशी लकवा मारतो. दवाखान्याचं बिल तर येतंच, पण पुढे माणूस अंथरुणाला खिळला की घरातली एक बाई कामाला जाऊ शकत नाही. तिची बुडालेली मजुरी आपण खर्चात धरतच नाही! सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

दुसरं, शेवटच्या दिवसांत. आजार बरा होण्यासारखा असेल तर उपचार करायचेच, वय कितीही असो. पण काही आजार बरे होण्याच्या पलीकडे गेलेले असतात. तेव्हा मशीनने दिवस वाढतात, त्रासही वाढतो. अशा वेळी डॉक्टरांना न घाबरता विचारा:

• बरं होण्याची शक्यता किती आहे?
• या उपचाराने नेमकं काय होईल?
• रोजचा खर्च किती येईल?
• घरी नेलं तर दुखणं कमी ठेवायला काय देता येईल?

दुखणं, धाप, जखमा यांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जिल्हा रुग्णालयात तिची चौकशी करा. घरी नेणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे.

आता योजनांचं. 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. 70 च्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण लक्षात ठेवा, हे भरती झाल्यावरच, तेही यादीतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला भेटा. कार्ड आधीच काढून ठेवा, रात्री दोन वाजता कागद सापडत नाहीत.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कार्ड निघालं का, या महिन्यात बीपी-शुगर तपासली का, गोळ्या चालू आहेत का. सचिवताईंनी वहीत नोंद करावी. आशाताईंनाही बोलवा.

आणि एक काम घरी. निवांत वेळी सासूबाईंजवळ, आईजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" विचारायला जीभ जड होते, मला माझ्या आजीला विचारताना झाली होती. आजी हसून म्हणाली, "बरं झालं विचारलंस."