पाच खणांचे घर

सांगली शहराला मोठेपण मिळाले ते एका घरच्या वाटणीतून. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात काका गंगाधरराव आणि पुतणे चिंतामणराव यांचे जमेना. शेवटी १८०१ साली चिंतामणरावांनी मिरज सोडली आणि सांगलीला राजधानी केली. त्यांच्याजवळ वाटून घ्यायला मुलूख होता. आपल्यासारख्यांकडे पुष्कळदा एक घरच असते. त्या घरातला आपला हिस्सा एखाद्या भावाला विकता येतो का?

समजा, मिरजेत एक जुने पाच खणांचे घर आहे. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. आई आधीच वारली होती, आता वडीलही वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते. म्हणजे प्रत्येक भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. (हक्क, वारस, हिस्सा, मालक, दावा हे मराठीतले शब्द तुम्हांला घरचेच वाटतील.) वर्गात हे उदाहरण दिले की कोणीतरी चटकन म्हणतो, "सर, मग एक खण बहिणीचा!" चूक होते ती येथेच. वाटणी होईपर्यंत बहिणीचा असा एकही खण नाही. पण प्रत्येक खणात, अंगणात, विहिरीत, उंबरठ्यातसुद्धा तिचा पाचवा हिस्सा आहे.

म्हणून थोरला भाऊ आपले दोन हिस्से विकू शकतो. त्यासाठी इतरांची परवानगी लागत नाही. मात्र "रस्त्याकडचे दोन खण माझे" असे म्हणून ते विकण्याचा हक्क त्याला नाही. त्याने साऱ्या घराचे खरेदीखत करून दिले, तरी घेणाऱ्याला त्याचेच दोन हिस्से मिळतात. बहिणीचे नाव उताऱ्यावर लागलेले नसले, तरी तेवढ्यामुळे तिचा हिस्सा जात नाही. तो जातो बहुधा दुसऱ्या वाटेने. "येथे सही कर" म्हणून कोणी हक्कसोडपत्र पुढे करतो आणि ती न वाचताच सही करते.

आता घेणारा परका असला तर? उद्या तो बिऱ्हाड घेऊन माजघरात येईल का? नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, न वाटलेल्या राहत्या घरात त्याला कुटुंबाबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. दावा लावला, की १८९३ च्या वाटणी कायद्याने घरच्यांना एक संधी मिळते. न्यायालय किंमत ठरवते आणि घरचा भागीदार तो हिस्सा परत विकत घेऊ शकतो.

हे फक्त हिंदू एकत्र कुटुंबासाठी आहे का, अशी शंका पूर्वी निघाली होती. १९०८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका मुस्लिम कुटुंबाच्या खटल्यात तिचे उत्तर दिले: घर न वाटता ठेवणारे कोणतेही कुटुंब यात येते. पुढे मुंबईतील एका पारशी कुटुंबाच्या बंगल्याचा निम्मा हिस्सा परक्याने विकत घेतला. तेव्हा १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने, दाव्याचा निकाल लागेपर्यंत, त्याला ताबा घेण्यापासून रोखले.

साताऱ्याकडच्या तुमच्या हिंदू मित्राच्या घरी थोडे निराळे असते. तेथे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा मिळतो. १९९४ साली महाराष्ट्राने तो अविवाहित मुलींनाही दिला आणि २००५ साली देशभर सर्व मुलींना मिळाला. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वारशाने आलेला हिस्सा एक जण विकू लागला, तर तो घेण्याचा पहिला हक्क बरोबरीच्या इतर वारसांचा असतो. हा नियम शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. शेतीत आणखी एक अडचण येते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे फार लहान तुकडा पाडून विकता येत नाही. म्हणून कराडजवळच्या एखाद्या उसाच्या रानाचा सातबारा पाहिला, तर त्यावर चार भावंडांची नावे एकाखाली एक दिसतात. कोणत्या बांधापर्यंत कोणाचे, हे मात्र त्यावर कोठेच लिहिलेले नसते.