निराधारांचा ‘पगार’ : उपकार की अधिकार?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीसाठी मुलांना घरी न्यायला पालक शाळेत आले होते. सहावीतील एका विद्यार्थ्याचे आजोबा सर्वांची गर्दी ओसरेपर्यंत कार्यालयाबाहेर थांबून राहिले. मग आत येऊन त्यांनी पिशवीतून बँकेचे पासबुक काढले आणि आमच्यापुढे ठेवले. “गुरुजी, यात सरकारचे पैसे आलेत. ते पुढं परत तर भरावे लागणार नाहीत ना?” असे त्यांनी हलक्या आवाजात विचारले. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा तो पहिला हप्ता होता. त्यासाठीचा अर्ज आम्हा शिक्षकांपैकीच काहींनी भरला होता आणि तो मंजूर व्हायला सात महिने लागले होते. ‘नाही, परत करायचे नाहीत,’ असे आम्ही सांगितले. आजोबा निश्चिंत झाले, पण आमचे समाधान झाले नाही. पन्नास वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला हे पैसे कर्ज वाटतात, किंवा कोणाची मेहरबानी वाटतात. असे का व्हावे?

आपल्या शाळेतील अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. मागे राहतात ते आजी-आजोबा. त्यामुळे प्रवेश अर्जाबरोबरच निराधार योजनांचे अर्जही शिक्षककक्षात येतात. या योजना कोठून आल्या, त्या कशा चालतात आणि कोठे अडतात, याची माहिती आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना असावी, म्हणून हा लेख.

राजाचे दान आणि नागरिकाचा हक्क

वृद्धांची काळजी घेणे हे राज्याचे काम आहे, हा विचार या भूमीला नवा नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजाने धम्मयात्रा सुरू केल्या आणि त्या यात्रांत वृद्धांची भेट घेऊन त्यांना धनसाहाय्य दिले जाई, असा त्या लेखाचा आशय इतर ठिकाणच्या पूर्ण पाठांवरून कळतो. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाने ही गोष्ट दगडावर कोरून ठेवावी, याचा आम्हांला अभिमान आहे. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भेद लक्षात ठेवावा लागतो. अशोकाचे दान हा राजाचा सद्गुण होता. राजाने ते दिले नसते, तर वृद्धाला ते मागण्याचा मार्ग नव्हता.

हा मार्ग आधुनिक काळात कायद्याने खुला केला. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, कामगारांसाठी वृद्धत्व विम्याचा कायदा झाला. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना सरकारी तिजोरीतून आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन देऊ केले. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात मात्र निवृत्तिवेतन होते ते सरकारी नोकरांना. शेतमजुराच्या वाट्याला आली ती दुष्काळी कामावरची खडी.

बाबासाहेबांची भूमिका

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्यासंबंधीचा प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल याच काळात, १९४४ मध्ये, तयार झाला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. परंतु या कायद्याचे छत्र कारखान्यातील कामगारावर होते. बाबासाहेबांची दृष्टी त्यापलीकडे गेली होती. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विमा हा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात विमापत्र घेणे बंधनकारक असावे, अशी मागणी केली. यात शेतमजूरही येत होता. म्हातारपण व मृत्यू यांचा भार एकट्या कुटुंबावर न टाकता तो राज्याने उचलावा, ही ती कल्पना.

ती संविधानात त्या रूपाने आली नाही. जे आले, ते अनुच्छेद ४१. बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असे हा अनुच्छेद सांगतो. त्यातील शब्द ‘हक्क’ हाच आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. मग त्याचा उपयोग काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले होते. या तत्त्वांच्या भंगाबद्दल सरकारला न्यायालयात जबाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांसमोर तो निश्चित द्यावा लागेल, असे त्यांनी बजावले. म्हणजे या हक्काची राखण त्यांनी आपल्यावर सोपवली होती.

योजनांची बांधणी

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुले अशांसाठी ती आहे. पासष्ट व त्यापुढील वयाच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यातील वृद्धांचे निवृत्तिवेतन आज इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखले जाते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती अठरा ते एकोणसाठ या वयात मरण पावल्यास कुटुंबाला २० हजार रुपये एकरकमी मिळतात, तेही याच कार्यक्रमातून. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

केंद्राचा हिस्सा आरंभी महिन्याला ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० रुपये झाला आणि ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी पुढे २०० च राहिला. ऐंशीनंतर तो ५०० रुपये आहे. महाराष्ट्रात उरलेली रक्कम राज्य घालते. २०१९ पर्यंत एका लाभार्थ्याला महिन्याला ६०० रुपये मिळत, मग १ हजार आणि २०२३ पासून १,५०० रुपये झाले. ही वाढ स्वागतार्ह आहे. गोळ्या-औषधे, चहापत्ती, नातवाच्या हातावर ठेवायचे दहा रुपये यांसाठी म्हाताऱ्या माणसाला मुलापुढे हात पसरावा लागत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

एकवीस हजारांचे कोडे

अडचण रकमेआधी सुरू होते. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली. त्या वर्षी जन्मलेली मुले आता कामाला लागली आहेत. तेव्हा ज्यांचे नाव सुटले, त्यांना उरतो तो दुसरा रस्ता, उत्पन्नाच्या दाखल्याचा.

आता हिशेब करू. वर्षाला २१ हजार म्हणजे साऱ्या घराला महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. या दराने घरातील एका माणसाने वर्षात एकाहत्तर दिवस काम केले, तरी २१ हजारांची मर्यादा ओलांडली जाते. शासनाच्याच कायद्याने तेव्हा शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. ती हमी पुरी घेणाऱ्याचे घर शासनाच्याच दुसऱ्या नियमाने ‘गरीब’ उरत नव्हते!

परिणाम सर्वांना ठाऊक आहे. दाखल्यावर बरोबर २१ हजारांच्या आतला आकडा येतो. देणारा जाणतो, घेणारा जाणतो. आमच्या वसतिगृहात मुले रोज सकाळी पंचशील ग्रहण करतात. त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. त्याच मुलाच्या आजोबांना म्हातारपणाचे पैसे मिळण्यासाठी खोट्या आकड्याखाली अंगठा उठवावा लागतो. दोष आम्ही आजोबांना देत नाही. जी मर्यादा खरे बोलणाऱ्याला बाहेर ठेवते, त्या मर्यादेचा हा दोष आहे.

आणखी एक विसंगती आहे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आणि वयाची मर्यादा पासष्ट वर्षे आहे. पासष्टी उलटलेली बाई त्या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळ योजनेच्या दारात उभी राहते. तेथे मर्यादा २१ हजारांची. घर तेच, बाईही तीच. हात मात्र थकले आहेत आणि नेमक्या त्याच वयात राज्याची फूटपट्टी आखूड होते. श्रावणबाळची मर्यादा निदान या दुसऱ्या योजनेइतकी असावी, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या विरोधात नाही. ती साध्या सुसंगतीची मागणी आहे.

वयाचा पुरावा आणि १ जून

आरंभी सांगितलेल्या आजोबांचा अर्ज सात महिने अडला, तो वयावरून. आधार कार्डावर त्यांचे वय एकसष्ट होते. त्यांची थोरली मुलगी बावन्न वर्षांची! म्हणजे कागदाच्या हिशेबाने नवव्या वर्षी ते बाप झाले. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी आणि कोणीतरी अंदाजाने घातलेले साल. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, किंवा चढणे परवडले नाही, त्या पिढीकडे जन्माचा दाखला कोठून असणार?

येथे आमच्या व्यवसायालाही आपल्याकडे पाहावे लागेल. प्रवेशासाठी आलेल्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, की १ जून लिहून मोकळे होण्याची आम्हा गुरुजींची जुनी रीत. गावोगावच्या जनरल रजिस्टरांत अशा किती जणांचा ‘जन्म’ एकाच दिवशी झाला आहे! तेव्हा ती सोय वाटली. तो अंदाज दोन-चार वर्षांनी चुकला, तर साठ वर्षांनंतर तितक्या वर्षांच्या निवृत्तिवेतनावर पाणी पडते. आजोबांच्या प्रकरणात शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला अर्जाला जोडला, आधारवरील नोंद दुरुस्त करून घेतली, तेव्हा काम झाले. लेक चौथीपर्यंत शिकली, म्हणून बापाचे वय सिद्ध झाले.

योजना आणि कायदा यांतील अंतर

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निर्णय दिला की, सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नाही. केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, ते याच भावनेने. आमच्या निवृत्तिवेतनाला कोणी ‘अनुदान’ म्हणत नाही, आम्हांला कोणी ‘लाभार्थी’ म्हणत नाही. मग शेतात, बांधावर, गटारात ज्यांनी आयुष्य घातले, काडेपेटीसारख्या साध्या खरेदीवरही ज्यांनी कर भरला, त्यांच्या सेवेचे काय? हा प्रश्न आम्हा वेतनधारकांनी आधी स्वतःला विचारावा.

न्यायालयांनी या वृद्धांचीही दखल घेतली आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचे निवृत्तिवेतन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याचा आदेश राज्यांना दिला होता. तरीही निराधारांचे पैसे दोन-तीन महिने रखडणे हा आमच्या भागातील नेहमीचा अनुभव आहे. याचे मूळ असे की, या योजना शासन निर्णयाने चालतात. शासन निर्णय बदलता येतो. कायद्याने दिलेला हक्क सहज काढून घेता येत नाही. महाराष्ट्राला हा फरक नवा नाही. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवानंतर आपल्याच विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणे हा मजुराचा हक्क बनला. राजस्थानने २०२३ साली किमान हमी उत्पन्नाचा कायदा करून निवृत्तिवेतनाला किमान १ हजार रुपयांचा आधार दिला आणि त्यात दरवर्षी पंधरा टक्के वाढीची तरतूद केली. महागाई दरवर्षी वाढते, तर वाढीसाठी वृद्धाने निवडणुकीची वाट का पाहावी?

आपण काय करावे

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातात काही गोष्टी आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील पासष्टी ओलांडलेल्यांची आणि पासष्टीखालील विधवा व दिव्यांग यांची यादी करावी. प्रत्येकाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे खाते यांतील नाव व वय जुळते की नाही ते पाहावे. खाते आधारशी जोडलेले नसेल, तर पैसे मंजूर होऊनही पोहोचत नाहीत. अर्ज तहसील कार्यालयात द्यावा आणि पोचपावती घेतल्याशिवाय परतू नये. अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागावे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की जिवंत माणसाचे पैसे बंद होतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत ही आठवण शेजाऱ्यांनी ठेवावी. आणि शिक्षक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती: रजिस्टरमध्ये १ जून लिहिण्यापूर्वी एकदा त्या मुलाच्या घरी जाऊन या.

शासन या पैशाला ‘अर्थसाहाय्य’ म्हणते. आमच्या भागातील म्हातारी माणसे त्याला ‘पगार’ म्हणतात. “माझा पगार झाला का बघ रं,” असे आजी नातवाला सांगते. पूर्वी आम्ही या शब्दाला हसत असू. आता वाटते, त्या निरक्षर आजीने नेमका शब्द निवडला आहे. पगार मागून मिळवायचा नसतो, तो कामाचा असतो. पुढच्या सुटीत ते आजोबा नातवाला न्यायला येतील, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सांगणार आहोत: बाबा, हे पैसे परत करायचे नाहीत, कारण ते तुम्ही आधीच फेडले आहेत.