ठाण्याहून लिहिलेलं एक तक्रारीचं पत्र

आजचा विषय छापील पत्रिकेवर जरा जड दिसतो: परमुलखात धर्माचं काम करायला गेलेला माणूस, रोजचा वैताग आणि त्याची श्रद्धा. मिशनरी म्हटलं की आपल्यापुढे दोनच चित्रं येतात. एक, घोड्यावरून पुस्तकं वाटत हिंडणारा गोरा साहेब. दुसरं, हौतात्म्य पत्करलेला, डोक्याभोवती तेजोवलय असलेला संत. दोन्ही चित्रांत डोकेदुखी नाही, पोटदुखी नाही, कपडे फाटत नाहीत, भाषा अडत नाही. आज मला या मधल्या गोष्टींबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी रोमला जायची गरज नाही. आपलं ठाणं पुरेसं आहे.

आधी कल्याणला दोन मिनिटं थांबू. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवतो. त्यात ‘कल्लियाना’ हे नाव येतं, आणि तिथे इराणातून नेमलेला एक बिशप असतो, असं तो सांगतो. हे म्हणजे आपलं खाडीकाठचं कल्याण, असं अनेक अभ्यासक धरतात. म्हणजे लोकल गाडी येण्याच्या तेराशे वर्षं आधी कुणी एक इराणी धर्मगुरू या दमट हवेत येऊन राहत होता. त्याच्याबद्दल एवढी एकच ओळ हाती आहे, म्हणून पुढे जाऊ.

आता साल १३२१. ठाणं तेव्हा मोठं बंदर. सत्ता दिल्लीच्या सुलतानाची, गावात त्याचा मलिक आणि काझी. वस्तीत हिंदू, मुसलमान, पारशी, आणि इराणी परंपरेच्या, ज्यांना नेस्टोरियन म्हणतात, त्या ख्रिस्ती लोकांची पंधराएक घरं. होर्मुझहून निघालेल्या एका जहाजातून इथे पाच धर्मबंधू उतरले. चौघे फ्रान्सिस्कन: तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दुभाष्याचं काम करणारे देमेत्रियस. पाचवा डॉमिनिकन, त्याचं नाव जॉर्डानस. खरं तर त्यांना जायचं होतं कोल्लमला, आजच्या केरळात. जहाजाने आणून सोडलं ठाण्यात. कल्याण फास्टमध्ये बसावं आणि गाडीने कर्जतला नेऊन उतरवावं, तसाच प्रकार.

ते एका नेस्टोरियन घरात उतरले. जॉर्डानसला फारसी बरी येत होती, म्हणून तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला सोपारा आणि भडोचच्या बाजूला पाठवलं. तो गेला आणि इकडे यजमानाच्या घरात भांडण झालं. नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, विचारल्यावर म्हणाली, घरात चार परदेशी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. चौघांना बोलावणं आलं. मारहाणीचा विषय बाजूला राहिला आणि धर्मावर वाद सुरू झाला. वाद चिघळला आणि एप्रिल महिन्यात, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, तिघांना मारण्यात आलं. चौथ्याला दोन दिवसांनी. हा तपशील मुख्यतः ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहिलेला आहे. तो नंतर काही काळाने ठाण्यात आला. म्हणजे ही एका बाजूने, भक्तिभावाने सांगितलेली हकिगत आहे. काझीच्या बाजूचा कागद आपल्यापुढे नाही, हे धरूनच ती वाचायची. पण मला त्यातली सुरुवात खरी वाटते. संतचरित्र रचणारा माणूस एवढी घरगुती सुरुवात मुद्दाम कशाला रचेल?

(ओडोरिकबद्दल एक गंमत सांगून टाकतो. ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांचं काही चालत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या घुशी! सातशे वर्षांत नगरपालिका आली, महानगरपालिका आली, घुशी आहेत तिथेच आहेत.)

या चौघांची नावं चर्चच्या इतिहासात राहिली. माझा आजचा माणूस मात्र पाचवा, मागे उरलेला. जॉर्डानस परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. एका जिनोआच्या तरुणाच्या मदतीने त्याने ते देह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. मग तो एकटा राहिला. किती दिवस? अडीच वर्षं.

या काळातली त्याची दोन पत्रं टिकली आहेत. पहिलं ऑक्टोबर १३२१ मधलं, गुजरातच्या घोघा बंदरातून इराणातल्या धर्मबंधूंना लिहिलेलं. त्यात हिशेब आहे: भडोचला नव्वदेक लोकांना बाप्तिस्मा दिला, नंतर आणखी विसाहून जास्त, ठाणे ते सोपारा या पट्ट्यात पस्तीस. शिवाय माणसं पाठवा, कुठे कुठे पाठवायची तेही कळवतो. दुःख आहे, पण पत्राला कणा आहे. कामात बुडालेल्या माणसाचं ते पत्र आहे.

दुसरं पत्र ठाण्याहून, २० जानेवारीचं. साल आपल्या गणनेने १३२४. त्या काळी वर्ष मार्चमध्ये बदलायचं, म्हणून कागदावर १३२३ दिसतं. हे पत्र वेगळं आहे. यात समुद्री चाच्यांनी पकडल्याचं आहे, तुरुंगाचं आहे, खोट्या आरोपांचं आहे. पण त्याच दमात बारीकसारीक गोष्टीही आहेत. भूक, तहान, ऊन, थंडी. डोकं दुखतं, छाती दुखते, पोट दुखतं, हातपाय दुखतात. आपलेच म्हणवणारे ख्रिस्ती लोक पाठीमागे वाईट बोलतात. आणि आपण कित्येक दिवस संघाचा झगा नसल्याने नुसत्या सदऱ्यावर, एखाद्या भणंगासारखे हिंडतोय.

या झग्यापाशी जरा थांबू या. डॉमिनिकन माणसाला पांढरा झगा आणि काळा अंगरखा म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगायला वारकऱ्याच्या गळ्यातली माळ आठवा. माळ तुटली तर वारकरी बेचैन होतो. तो म्हणत नाही की भक्ती मनात आहे, माळेचं काय एवढं. झगा गेला म्हणजे ‘तू कोण?’ या प्रश्नाचं दिसणारं उत्तर गेलं. ठाण्याच्या बाजारात त्याला ओळखणारं कुणी नाही, त्याची भाषा बोलणारं जवळपास कुणी नाही, आणि आता अंगावरची खूणही नाही. चाचे आणि तुरुंग या मोठ्या संकटांच्या रांगेत तो सदऱ्याचं दुखणं मांडतो, ते उगाच नाही. परदेशात नोकरीला गेलेल्या कुणालाही विचारा. माणूस मोठ्या संकटात कंबर कसतो. खचतो तो तिसऱ्या आठवड्यात, बँकेच्या खिडकीवर, त्याच फॉर्मसाठी चौथ्यांदा परत पाठवल्यावर.

आता मुद्दा असा, की हे पत्र श्रद्धेचं आहे का? वरवर वाचलं तर ही नुसती रडकथा आहे. एक वाचक मला म्हणालेही होते, की यापेक्षा ते चौघे बरे, एका दिवसात परीक्षा देऊन मोकळे झाले. ते बोलणं जरा कठोर होतं, पण त्यात अर्थ आहे. एका दिवसाच्या परीक्षेला धैर्य लागतं. अडीच वर्षांच्या परीक्षेला काय लागतं?

आपल्याला हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात. जनाबाई तर देवाला सरळ खडसावते. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत स्तोत्रसंहिता आहे; तिच्यातल्या कितीतरी स्तोत्रांचा बाज विलापाचा आहे: देवा, कुठे आहेस, किती वेळ लावणार. जॉर्डानस धर्मबंधू होता, म्हणजे ही स्तोत्रं तो रोज ठरलेल्या वेळांना म्हणत असणार, तोंडपाठ. तक्रार करण्याची भाषा त्याला त्याच्या प्रार्थनेनेच शिकवली होती. तक्रार नेहमी कुणाकडे तरी करायची असते. ज्याचा भरवसा पुरता संपला, तो पत्र लिहायला बसत नाही. टपाल नव्हतं, जहाजाने जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती कागद द्यायचा आणि तो पोचेल असं धरून चालायचं. आणि एवढं सगळं सांगून हा माणूस, मला परत न्या, असं म्हणत नाही. या कामाला माणसं पाठवा, असंच म्हणतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. सोसणं हीच श्रद्धा, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणं धोक्याचं आहे. नवऱ्याचा मार खाणारी ती ठाण्यातली बाई काझीकडे गेली, सोसत बसली नाही. तिला कुणी कमी श्रद्धावान म्हणू नये. जॉर्डानसने निवडलेलं दुःख होतं, तिने निवडलेलं नव्हतं. हा फरक धार्मिक प्रवचनांत फार वेळा पुसला जातो.

पुढे काय झालं, तर जॉर्डानस युरोपात परतला आणि १३२९ साली पोप बावीसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. त्याने पूर्वेकडच्या नवलांवर एक लहानसं लॅटिन पुस्तकही लिहिलं. ते पुस्तक पत्रानंतर वाचलं की चकित व्हायला होतं. ज्या मुलखात त्याचं पोट दुखत होतं, तिथल्या फणसाबद्दल, नारळाबद्दल तो चवीने लिहितो. आंब्याचा गोडवा सांगताच येणार नाही म्हणतो, आणि नाव लिहितो ते जवळजवळ ‘अंबा’ असंच. अग्निपूजक लोक प्रेतं बिनछपराच्या मनोऱ्यात ठेवतात, हे नोंदवतो. पारशांच्या दखम्यांचं युरोपीय माणसाने केलेलं हे अगदी जुनं वर्णन. इथले लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायी, असंही म्हणतो. इतर धर्मांबद्दलची त्याची मतं त्याच्या काळाचीच आहेत, ती सोयीस्करपणे झाकू नयेत. पण वैतागाने त्याची नजर आंबट झाली नाही, एवढं नक्की.

आता उलट दिशेचा माणूस: आपल्याकडून बाहेर गेलेला. गोन्सालो गार्सिया वसईचा. वसई पालघरमध्ये गेली २०१४ साली; त्याआधी ती आपल्या ठाणे जिल्ह्यातच. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात जेज्वीटांकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी उत्तम शिकला, आठेक वर्षं त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षण दिलं. त्याची इच्छा एकच होती, जेज्वीट संघात प्रवेश. तो काही मिळाला नाही. भाषा येते, काम येतं, माणसं ओळखतात, आणि अर्ज मात्र पडून. तो बाहेर पडला, व्यापार केला, पैसाही कमावला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला घेतलं, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये हिदेयोशीकडे फिलिपाइन्सहून वकिलात गेली तेव्हा जपानी येणारा हाच माणूस दुभाष्या म्हणून बरोबर गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. वसईत त्याचा सण होतो, तेव्हा बोलणं सगळं नागासाकीवर असतं. मला विचाराल तर त्याची श्रद्धा नागासाकीच्या टेकडीइतकीच व्यापाराच्या त्या वर्षांतही बघावी. नकार मिळाल्यावर, खिशात पैसा खुळखुळत असताना, तो पुन्हा त्याच वाटेला का लागला?

अमेरिकन मराठी मिशनचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते थेट हद्दपारीच्या हुकमातच. कंपनी सरकारला ते नको होते. अर्जविनंत्यांत महिने गेले. त्यांचे सोबती नेवेल यांची पत्नी हॅरिएट, एकोणीस वर्षांची, त्याआधीच मॉरिशसला वारली होती. पुढे मिशनने ठाण्यातही माणूस ठेवला. भाषा शिकायची, शाळा काढायच्या, देवनागरी खिळे जुळवून छापायचं. ऐकणारे पुष्कळ, धर्म स्वीकारणारा वर्षानुवर्षं जवळजवळ कुणी नाही. नेवेल १८२१ मध्ये पटकीने गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूने परतताना, रोग्यांना औषध वाटून संपल्यावर, स्वतः पटकीने एका देवळाच्या आवारात वारले. सोबतच्या मराठी मुलांनी त्यांना पुरलं. त्याच साली मराठी नव्या कराराची छपाई पुरी झाली. बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मोजलं तर हॉल यांची तेरा वर्षं रिकामी दिसतील. मराठी छपाईच्या आणि शाळांच्या इतिहासात ती तशी दिसत नाहीत. अर्थात हॉल यांना तो इतिहास ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यासमोर रोज फक्त दुसऱ्या दिवशीचं काम होतं.

तलावपाळीला सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. ते पोर्तुगीज काळातलं, म्हणजे जॉर्डानसच्या कितीतरी नंतरचं, तेव्हा तिथे जाऊन त्याच्या खुणा शोधू नका. त्या चौघांचे अवशेषही इथे नाहीत. ओडोरिकने ते सोबत घेतले आणि समुद्रमार्गे चीनमधल्या झैतून बंदरात, तिथल्या फ्रान्सिस्कनांकडे नेले.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढे पाठवा. कॉस्मासच्या कल्लियानावर कुणाचा आक्षेप असेल तर तो आधी घेऊ.