विश्लेषण : संपूर्ण संगणकाची हुबेहूब प्रत... ‘डिस्क इमेजिंग’ तारक की तापदायक?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याचा फटका नवी मुंबईतील जेएनपीटी बंदरालाही बसला. तेथील एक कंटेनर टर्मिनल चालवणाऱ्या डॅनिश ‘मर्स्क’ समूहाचे संगणक एकापाठोपाठ एक बंद पडले होते. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी सांगितले, की ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर अवघ्या दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. प्रत्येक संगणकावर विंडोज, मग ड्रायव्हर, मग एकेक सॉफ्टवेअर असे करत बसले असते तर या कामाला किती महिने लागले असते, याची कल्पनाच केलेली बरी. इतक्या मोठ्या संख्येचे काम एकच नमुना तयार करून तो सर्वांवर उतरवण्याच्या पद्धतीनेच होऊ शकते. तिचे नाव डिस्क इमेजिंग. मात्र ही प्रत जितकी हुबेहूब, तितकीच कधीकधी अडचणीचीही ठरते.

डिस्क इमेज म्हणजे नेमके काय?

फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, की बॅकअप झाला असे अनेकांना वाटते. पण त्यात फक्त फाइल येतात. संगणक सुरू करणारा बूट विभाग, विंडोजच्या सेटिंग, बसवलेली सॉफ्टवेअर, प्रिंटरची जोडणी यातले काहीच येत नाही. डिस्क बिघडली, की फाइल हाताशी असतात, पण संगणक चालू होत नाही. मग दुकानात जाऊन ‘फॉरमॅट मारून’ घेणे आणि पुढचे दोन दिवस सॉफ्टवेअर शोधत बसणे आलेच.

इमेजमध्ये डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये, किंवा फाइलींच्या एका संचात, बंद केली जाते. ५०० जीबीच्या डिस्कवर ८० जीबी मजकूर असेल तर बहुतेक सॉफ्टवेअर वापरात असलेला भागच उचलतात आणि तो दाबून लहान करतात. ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उघडली, की जुना संगणक डेस्कटॉपवरच्या चिन्हांच्या जागेसह समोर येतो. विंडोज चालू असतानाही इमेज घेता येते. त्यासाठी विंडोज त्या क्षणाची एक ‘छाया प्रत’ धरून ठेवते. क्लोनझिलासारखी साधने मात्र पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, डिस्क वापरात नसताना काम करतात.

ही पद्धत आली कुठून?

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीसाठी मरी हॅझर्ड यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर लिहिले. १९९८ मध्ये ते सिमँटेकने विकत घेतले आणि ‘नॉर्टन घोस्ट’ हे नाव संगणक दुरुस्तीच्या क्षेत्रात घरोघरी पोहोचले. २०१३ मध्ये त्याची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टने विस्टापासून खुद्द विंडोजची स्थापनाच इमेजच्या स्वरूपात देण्यास सुरुवात केली. तैवानच्या राष्ट्रीय उच्च क्षमता संगणन केंद्रात विकसित झालेले क्लोनझिला मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्याचे पडदे मात्र जुन्या पद्धतीचे, निळ्या-करड्या रंगाचे आहेत. नवख्याला त्यातच धडकी भरते आणि डिस्कवरून थेट डिस्कवर प्रत घेताना चुकून स्रोत आणि लक्ष्य डिस्कची अदलाबदल झाली, तर सारे पुसले जाऊ शकते.

एकाच वेळी अनेक संगणकांवर कसे?

महाविद्यालयाची ३० संगणकांची प्रयोगशाळा घ्या. एक संगणक मनासारखा तयार करायचा, त्याची इमेज सर्व्हरवर ठेवायची. बाकीचे संगणक डिस्कवरून नव्हे, तर नेटवर्कवरून सुरू होतात आणि इमेज मागतात. प्रत्येकाला ४० जीबीची इमेज स्वतंत्र पाठवली तर तारेतून १,२०० जीबी जाणार. ‘मल्टिकास्ट’ पद्धतीत सर्व्हर इमेज एकदाच पाठवतो आणि तिसांचे तीस संगणक ती एकाच वेळी उतरवून घेतात. एखाद्या वर्गात शिक्षकाने एकदा सांगावे आणि सर्वांनी लिहून घ्यावे, तसे. अर्थात, सर्वात मंद लिहिणाऱ्यासाठी साऱ्यांना थांबावे लागते, तेही इथे लागू आहे.

लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असेल तर क्लोनझिला सहसा अडून बसते. म्हणून जाणकार नमुन्याचा संगणक मुद्दाम लहान डिस्कवर तयार करतात. परवान्याचा प्रश्नही आहे. संगणकासोबत आलेल्या विंडोजची इमेज काढून ती इतर संगणकांवर टाकण्याची मुभा त्या परवान्यात नसते. त्यासाठी संस्थांना मायक्रोसॉफ्टचा घाऊक परवाना घ्यावा लागतो.

‘जुळे’ संगणक अडचणीत का आले?

विंडोज बसवली जाते तेव्हा संगणकाला ‘एसआयडी’ हा ओळख क्रमांक मिळतो. इमेज जशीच्या तशी उतरवली, की तीसही संगणकांचा क्रमांक एकच. यावर उपाय म्हणून विंडोजमध्येच ‘सिसप्रेप’ हे साधन असते. इमेज घेण्यापूर्वी ते चालवले, की संगणकाची खासगी ओळख पुसली जाते आणि पुढे प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना नवी ओळख घेते. सिसप्रेपविना काढलेल्या प्रतींना मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा कधीच नव्हता.

तरीही अनेक ठिकाणी ही पायरी गाळली गेली, आणि त्याला एक कारणही होते. मायक्रोसॉफ्टचेच नामवंत तंत्रज्ञ मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये असे प्रतिपादन केले, की संगणकांचा एसआयडी सारखा असल्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. ही भीती म्हणजे एक गैरसमज आहे. एसआयडी बदलणारे आपले ‘न्यूएसआयडी’ हे साधनही त्यांनी मागे घेतले. सिसप्रेप वापरावेच, असे तेव्हाही त्यांनी नमूद केले होते. पण लोकांनी सोयीचा तेवढा भाग लक्षात ठेवला.

१६ वर्षांनी हिशेब चुकता झाला. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने एसआयडीची तपासणी कडक केली. विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ वर सारखा क्रमांक असलेल्या संगणकांची एकमेकांशी ओळख पटेनाशी झाली. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जाणे, सामायिक फोल्डर न उघडणे, रिमोट डेस्कटॉप बंद पडणे अशी लक्षणे दिसू लागली. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली कार्यालये एका अपडेटनंतर अडकली. कायमस्वरूपी तोडगा एकच सांगितला गेला : असे संगणक योग्य पद्धतीने पुन्हा तयार करा.

इमेज आहे, म्हणजे बॅकअप आहे?

इथे पुन्हा मर्स्ककडे यावे लागते. ‘वायर्ड’ मासिकात अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतानुसार, कंपनीकडे बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप होते. नव्हता तो ‘डोमेन कंट्रोलर’चा, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या सर्व्हरचा. असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत सतत ठेवत असत. त्यामुळे एक गेला तरी दुसरा आहेच, असा हिशेब होता. मालवेअरने ते एकाच वेळी पुसले. वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो नेटवर्कपासून तुटला होता. तेथील इंटरनेट इतके मंद होते, की त्यातील माहिती ब्रिटनला पाठवण्यास काही दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडेही ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानाच्या कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळावर जाऊन हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोहोचली. नियोजनाने जे साधले नाही, ते भारनियमनाने साधले!

यातला तांत्रिक मुद्दा असा, की सतत जोडलेली प्रत मूळ यंत्रासोबतच मरते. घरातही इमेज ठेवलेली बाह्य डिस्क कायम संगणकाला लावून ठेवली, तर खंडणीखोर मालवेअर तीही कुलूपबंद करते. शिवाय इमेज सारेच उचलते. संगणकात आधीपासून दडलेला विषाणू असेल तर तोही तिच्यात जपून ठेवला जातो.

घरगुती वापरकर्त्यांनी काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ वर जाण्यापूर्वी किंवा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यापूर्वी एक इमेज घेऊन ठेवणे सोयीचे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टीम इमेज’चा पर्याय अजून दिसतो, पण २०१७ पासून त्याचा विकास थांबला आहे आणि इतर कंपन्यांची साधने वापरा, असे मायक्रोसॉफ्टच सुचवते. क्लोनझिलाचे पडदे नकोसे वाटल्यास ‘रेस्क्यूझिला’ हे माऊसने चालणारे मोफत साधन आहे.

इमेज घेतल्यावर ती उघडून दोन-चार फाइल वाचता येतात का ते पाहावे. जुनी रिकामी डिस्क असेल तर तीवर पूर्ण इमेज एकदा उतरवून पाहावी. अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. अशी डिस्क क्लोनझिलाने कुलपासह उचलली तर रिकामी जागाही सोबत येते, इमेज प्रचंड मोठी होते आणि दुसऱ्या संगणकावर उतरवताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सहसा सापडते. पण त्या खात्याचा पासवर्डही बिघडलेल्या संगणकातच असेल तर? म्हणून ती की आधीच कागदावर उतरवून, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावी.