नवा कॅमेरा, धूसर कापड : दोष कोणाचा?

कापडाचा सौदा पूर्वी हाताने होत असे. गिऱ्हाईक गादीवर बसे, तागा उलगडून कापड बोटांत चोळून पाही आणि मग भाव बोले. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावरूनही परगावी विकला जातो. त्यात पोत दिसला नाही तर ग्राहक दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळतो. धूसर चित्रावरून माल घेतलाच, तर हाती पडल्यावर ‘दाखवले एक, पाठवले दुसरे’ म्हणून परत करतो. जाण्यायेण्याचे भाडे बहुधा आपल्याच माथी बसते. या कारणाने काही व्यापारी बंधू आणि कारीगर आता चांगला डिजिटल कॅमेरा घेतात.

कॅमेरा घरी आला की पहिली तक्रार एकच असते : ऑटोफोकस लागत नाही. लेन्स घरघरते, पुढे-मागे होते आणि नेम धरत नाही. घेणारा म्हणतो, माल खराब दिला. दुकानदार म्हणतो, तुम्हाला वापरता येत नाही. आमचे मत असे की, भांडणाआधी समोर ठेवलेले कापड पाहावे. पुष्कळदा दोष यंत्रात नसतो, आणि असलाच तर तो सिद्ध करण्याची साधी रीत आहे.

ऑटोफोकस ही काही कालची वस्तू नव्हे. कोनिकाचा असा छोटा कॅमेरा १९७७ साली बाजारात आला आणि लेन्स बदलता येणारा मिनोल्टा ७००० हा १९८५ साली आला. तंत्र पुष्कळ सुधारले, पण मूळ गरज तीच राहिली. कॅमेऱ्याला कापड कळत नाही. त्याला उजेड आणि काळोख यांच्यामधली कड कळते. पांढरे शुभ्र केंब्रिक, बुरख्याचे काळे कापड, गुळगुळीत साटीन यांत कड नसते. मग बिचारी लेन्स शोधत फिरते. यावर उपाय असा : ज्या पातळीवर कापड आहे त्याच पातळीवर भावाची चिठ्ठी किंवा छापील किनार ठेवावी. तिच्यावर नेम धरून बटण अर्धे दाबावे, हिरवी खूण दिसली की बोट तसेच ठेवून कॅमेरा कापडाकडे वळवावा आणि मग पूर्ण दाबावे. अंतर मात्र बदलू देऊ नये. उजेडही वाढवावा. गोदामातल्या एका दिव्याखाली काळे कापड चांगल्या कॅमेऱ्यालाही दाद देत नाही.

पट्ट्यांच्या मालाची अडचण निराळी. बऱ्याच कॅमेऱ्यांतील फोकसची यंत्रणा उभ्या रेघा चटकन धरते, आडव्या रेघांवर चाचपडते. आडव्या पट्ट्यांची लुंगी किंवा साडीचा आडवा काठ धरला जात नसेल तर कॅमेरा उभा करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

बारीक विणीच्या कापडावर कधीकधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटतात. हाही फोकसचा बिघाड म्हणून सांगितला जातो. खरे तर ताण्याबाण्याची जाळी आणि कॅमेऱ्यातील ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडल्याने त्या लाटा दिसतात, आणि फोकस नेमका असला की त्या अधिक ठळक होतात. कॅमेरा थोडा मागे घ्यावा किंवा कोन बदलावा.

आता अंतर. प्रत्येक लेन्सला एक हद्द असते. तिच्यापेक्षा जवळ गेले तर फोकस लागणारच नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सची हद्द साधारण पाव मीटर असते, ५० मिलिमीटरच्या लेन्सची त्याहून जास्त. हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजत नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डोक्यावर गोलातून गेलेल्या रेघेची खूण असते, तिथून मोजतात. धागा मोजता येईल इतके जवळचे चित्र हवे असेल तर मॅक्रो लेन्स लागते.

खोलीचाही हिशेब आहे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडी ठेवून एक मीटरवरून चित्र घेतले, तर मध्यम आकाराच्या सेन्सरवर जेमतेम तीन सेंटिमीटरचा थर स्पष्ट येतो. घडी घातलेल्या शालीची वरची घडी स्पष्ट आणि खालची धूसर दिसते. तीच लेन्स एफ ८ वर ठेवली तर बारा सेंटिमीटरच्या आसपास स्पष्ट येते.

नव्या कॅमेऱ्याच्या बैठकीतही गफलत असते. लेन्सवर एएफ-एमएफ अशी कळ असेल तर ती एएफवर आहे का पाहावे. काही लेन्सना कळ नसते, तिथे मेनूत पाहावे. चेहरा ओळखण्याची सोय चालू असेल तर कॅमेरा पुतळ्याचा चेहरा धरतो आणि कुर्त्याची कशिदाकारी सुटते. ती बंद करून एकच बिंदू निवडावा आणि तो विकायच्या जागेवर ठेवावा. स्थिर मालासाठी एएफ-एस, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यात वन शॉट, ही रीत बरी. चष्मा वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : डोळा लावण्याच्या खिडकीजवळ लहान चाक असते. ते आपल्या नजरेप्रमाणे फिरवले नसेल तर चित्र स्पष्ट येऊनही खिडकीत धूसर दिसते.

हात हलणे आणि फोकस चुकणे यांतही फरक आहे. चित्र मोठे करून पाहावे. सर्व काही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले तर हात हलला. पुढचे किंवा मागचे स्पष्ट आणि मधले धूसर असेल तर फोकस चुकला.

इतके करूनही शंका राहिली तर परीक्षा घ्यावी. भिंतीवर वर्तमानपत्र ताठ चिकटवावे. कॅमेरा तिकाटण्यावर अगदी समोर ठेवावा, लेन्सवरचा स्वस्त फिल्टर काढावा, उजेड भरपूर ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. ऑटोफोकसने तीन चित्रे घ्यावीत, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग पडद्यावर मोठे करून हाताने फोकस लावावा आणि तीन घ्यावीत. हाताची स्पष्ट आणि यंत्राची दरवेळी धूसर आली तर तक्रार खरी. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये पडद्यावरून घेतलेले चित्र स्पष्ट आणि खिडकीतून घेतलेले धूसर आले, तर जुळवणी चुकली आहे. काही कॅमेऱ्यांत ती मेनूतून सुधारते, नाहीतर सर्व्हिस सेंटरला द्यावा. दोन्ही रीतींनी बिघडते तर दुसरी लेन्स लावून पाहावी.

लेन्स कारखान्यात मात्र बदलू नये. यंत्रमागाजवळचे तूस आत शिरते. लेन्स आणि कॅमेरा जिथे जुळतात तिथले सोनेरी टिपके कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. कापड आपल्या घरचे म्हणून खळीचा तुकडा घेऊ नये, ओरखडे पडतात.

हे सर्व पहिल्या आठवड्यातच करावे. बिलावरचा आणि कॅमेऱ्यावरचा क्रमांक जुळवून घ्यावा, भारतातील वॉरंटी आहे का पाहावे आणि परीक्षेची चित्रे जपून ठेवावीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला तेवढी सवलत आहे. तेव्हा फर्मच्या नावावर कॅमेरा घेणाऱ्याने ग्राहक आयोगावर भिस्त ठेवण्यापेक्षा वॉरंटीच्या मुदतीत पुराव्यानिशी दुकानदारासमोर उभे राहावे. सहा चित्रे टेबलावर मांडली की वाद थोडक्यात मिटतो.

फोकस साधला की रंगाचा प्रश्न पुढे येतो. मेंदी रंग चित्रात पोपटी का दिसतो, हे पुन्हा केव्हातरी पाहू.